बॅटरी पॅकचे स्पॉट वेल्डिंग : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

कुपवाड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात मी लिथियम सेलचे पॅक जोडतो. त्याआधी बारा वर्षे इन्व्हर्टर आणि यूपीएसची दुरुस्ती केलेली असल्यामुळे निकेलच्या पट्ट्या सेलवर चिकटवणे हा डाव्या हातचा मळ आहे, असे मला वाटले होते. सौर पथदिव्यांसाठी केलेल्या पहिल्या चाळीस पॅकपैकी अकरा पॅक पावसाळा सरायच्या आत परत आले. ते उघडले तेव्हा काही पट्ट्या सेलवरून नखाने सुटत होत्या. वरून पाहिले तर प्रत्येक डाग गोल, चकचकीत आणि देखणा होता, आणि नेमके त्याच देखणेपणावर मी विसंबलो होतो. पुढचे सगळे मी त्या अकरा पॅकांनी शिकवले म्हणून लिहीत आहे.

हा लेख दंडगोल सेलपुरताच आहे, म्हणजे १८६५०, २१७०० आणि पथदिवे व घरगुती साठवणुकीत सर्रास दिसणारे ३२७०० मापाचे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. चौकोनी मोठ्या सेलची टोके बहुधा ॲल्युमिनियमची असतात. ॲल्युमिनियम वीज आणि उष्णता दोन्ही चटकन वाहून नेते, शिवाय त्यावर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे तेथे बोल्ट किंवा लेझर वेल्डिंग लागते. आपल्या छोट्या यंत्राने त्या वाटेला जाऊ नये.

वेल्ड होतो म्हणजे नेमके काय होते

दोन धातूंच्या जोडातून मोठा विद्युत प्रवाह काही मिलीसेकंद सोडला की जोडाच्या जागी उष्णता निर्माण होते. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ, हे जूलचे सूत्र आपण शाळेत शिकलो आहोत, आणि या धंद्यातले निम्मे प्रश्न त्याच सूत्राने सुटतात. यात ‘रोध’ म्हणजे केवळ निकेलचा रोध नव्हे. सुरुवातीच्या क्षणी सर्वांत मोठा वाटा असतो तो पट्टी आणि सेल यांच्या स्पर्शाच्या जागेचा, म्हणजे संपर्क रोधाचा. हा रोध दाबावर, पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर आणि इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पट्टीवर टेकून प्रवाह सोडणाऱ्या यंत्राच्या दांडीच्या, टोकाच्या आकारावर अवलंबून असतो. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा कालचाच असला, तरी या तीन गोष्टी बदलल्या की वेल्ड बदलतो.

सेलच्या कामात दोन्ही इलेक्ट्रोड एकाच बाजूने टेकवावे लागतात, कारण सेलच्या आतून दुसरा इलेक्ट्रोड लावणे शक्य नसते. प्रवाह एका टोकातून पट्टीत, पट्टीतून सेलच्या पत्र्यात आणि तेथून परत दुसऱ्या टोकात जावा, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यातला काही भाग सेलपर्यंत न उतरता पट्टीतूनच आडवा निघून जातो. म्हणून दोन टोकांच्या मध्ये उभी फट पाडलेली पट्टी मिळत असेल, तर तीच घ्यावी. आडवी वाट लांबली की प्रवाहाला सेलमध्ये उतरावेच लागते.

१. पॅक आधी कागदावर जोडा

उदाहरणासाठी पथदिव्याचा १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांचा पॅक घेऊ. ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांचे पाच सेल समांतर जोडायचे आणि असे चार गट एकापुढे एक, म्हणजे मालिकेत जोडायचे. एकूण सेल २० आणि साठवलेली ऊर्जा ३८४ वॅट-तास.

आता पट्टीचे गणित करा, कारण नवखा माणूस हमखास येथे चुकतो. शुद्ध निकेलची ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद पट्टी घेतली, तर शेजारच्या दोन सेलमधल्या सुमारे ३४ मिलिमीटर अंतराचा रोध जवळपास २ मिलिओहम भरतो. पॅकची मुख्य वायर गटाच्या एका कोपऱ्यातून काढली, तर शेवटच्या तुकड्यातून चार सेलचा एकत्र प्रवाह वाहतो. पथदिव्याचा एकूण प्रवाह दोन-तीन अँपिअर असल्यामुळे तेथे काही बिघडत नाही. तोच पॅक कोणी इन्व्हर्टरला लावून ४० अँपिअर ओढले, तर त्या बोटभर तुकड्यातून ३२ अँपिअर जातात आणि त्यात २ वॅट उष्णता साठू लागते. पट्टी तापते, प्लास्टिकचा होल्डर मऊ होतो आणि दोष वेल्डवर ढकलला जातो. मोठ्या प्रवाहासाठी वायर गटाच्या मध्यावरून काढावी, पट्टीचे दोन थर द्यावेत किंवा रुंद पत्रा वापरावा.

तांब्याची पट्टी का नको, हा प्रश्न प्रत्येक नवा मुलगा विचारतो. तांब्याचा रोध निकेलच्या सुमारे एक चतुर्थांश असतो आणि उष्णता ते चौपटीहून जास्त वेगाने पसरवते. तांबे वापरण्याचे जे कारण आहे, तेच ते वेल्ड न होण्याचेही कारण आहे. तांब्यावर निकेलचा तुकडा ठेवून वेल्ड करण्याची रीत आहे खरी, पण तिला ताकदवान यंत्र लागते. पहिल्या वर्षी तो नाद सोडावा.

२. कागदपत्रे

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी आधार आणि पॅन पुरतात. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. याशिवाय पुढील कागद एका फाइलमध्ये ठेवावेत :

– जीएसटी नोंदणी.
– गाळ्याचा भाडेकरार. गाळा एमआयडीसीच्या भूखंडावर असेल, तर पोटभाड्यासाठी मूळ भूखंडधारकाने महामंडळाची परवानगी घेतली आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.
– महावितरणचे औद्योगिक जोडणीचे बिल, मंजूर भारासह.
– सेल खरेदीची पक्की बिले, सेलचे तांत्रिक माहितीपत्रक आणि वाहतुकीसाठीच्या यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल.
– पोर्टेबल लिथियम सेल व बॅटऱ्यांसाठीच्या आयएस १६०४६ या मानकाखालील, भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा पुरावा.

तुमचा पॅक कोणत्या वापरात मोडतो, त्यावर कोणते मानक लागू होते हे ठरते. दुचाकी-तीनचाकी वाहनासाठी पॅक करायचा असेल, तर एआयएस १५६ हे वेगळे आणि कडक मानक आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हेही वाचून ठेवावेत, कारण बाजारात बॅटरी आणणाऱ्यावर ती परत गोळा करण्याची जबाबदारी येते. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाणार असाल, तर ही फाइल आधी तयार ठेवा.

३. सामान

यंत्राइतकेच लक्ष बारीकसारीक गोष्टींकडे द्यावे. मला लागते ते असे : दोन पल्स देणारे स्पॉट वेल्डिंग यंत्र आणि स्प्रिंगचा दाब असलेले त्याचे डोके, इलेक्ट्रोडच्या चार जोड्या, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सुटणारे कापड, सेल होल्डर, फिश पेपरच्या (वीजरोधक जाड कागदाच्या) चिकट चकत्या, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, बारीक चोचीची पक्कड, दोन चांगले मल्टिमीटर, चार तारांनी अंतर्गत रोध मोजणारे मीटर, स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल वजनकाटा, कार्बन पेपर, संरक्षक चष्मा आणि जाड पुठ्ठ्याची वही. वजनकाटा आणि कार्बन पेपर कशासाठी, ते पुढे येईलच.

बाजूला कोरड्या वाळूने भरलेली लोखंडी बादली हवी आणि ती दाराजवळ हवी. सेल फुगला, शिटी वाजल्यासारखा आवाज झाला किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर तो सेल लांब चिमट्याने वाळूत टाकून बादली उघड्यावर न्यावी आणि धुरापासून दूर उभे राहावे, कारण त्या धुरात विषारी वायू असतात. आग पूर्ण पॅकला लागली, तर माणसे बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे. छोट्या पावडर सिलिंडरने ज्वाळा विझतात, पण सेलच्या आतली उष्णता उतरत नाही आणि आग पुन्हा पेट घेते. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी हे सगळे टेबलाला हात लावण्याआधी खुंटीला टांगावे. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाच्या चांदीच्या कड्याने दोन गट जोडले गेले होते. कड्याच्या आकाराची खूण त्याच्या मनगटावर अजून आहे.

४. पट्टी खरी निकेलची आहे का, ते पाहा

बाजारात ‘निकेल पट्टी’ या एकाच नावाने दोन वस्तू विकल्या जातात. एक शुद्ध निकेलची, दुसरी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची. दुसरीचा रोध साधारण दुप्पट असतो आणि कापलेल्या कडेला मुलामा नसल्यामुळे ती गंजते. गंमत अशी की पोलादी पट्टी वेल्डला अधिक सोपी जाते, कारण तिचा रोध जास्त. त्यामुळे शिकाऊ हाताला तीच ‘चांगली’ वाटते.

लोहचुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. दोन खात्रीचे उपाय आहेत. पट्टीचा तुकडा ग्राइंडरला लावल्यास पोलादातून लांब, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात, तर निकेलमधून जवळपास काहीच उडत नाही. दुसरा उपाय म्हणजे पट्टी कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवणे. पोलाद तांबूस पाणी सोडते. माझ्या परत आलेल्या अकरा पॅकपैकी चारमधली पट्टी अशी निघाली. विक्रेत्याच्या बिलावर मात्र ‘शुद्ध निकेल’ असेच छापलेले होते. तेव्हापासून प्रत्येक रिळातला वीतभर तुकडा खरवडून मी पाण्यात टाकतो आणि दोन दिवस ते रीळ कपाटात बंद ठेवतो.

पोलादी पट्टी सर्वस्वी टाकाऊ आहे असे नाही. कमी प्रवाहाच्या, कोरड्या जागी राहणाऱ्या पॅकमध्ये ती चालते. पण पाटण-महाबळेश्वरच्या पावसात खांबावर टांगल्या जाणाऱ्या डब्यात ती घालू नये.

५. वीज मोजा, मग यंत्र लावा

साध्या ट्रान्सफॉर्मरचे यंत्र भिंतीतून येणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह देते आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते. माझ्या गाळ्यात सकाळी ८ वाजता २४५ व्होल्ट मिळत आणि संध्याकाळी शेजारचे फाउंड्रीचे काम चालू असताना २१०. म्हणजे व्होल्टेज १४ टक्क्यांनी उतरले, तर वेल्डची उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. मी सकाळी सेटिंग करत असे आणि संध्याकाळी पॅक जोडत असे. परत आलेले उरलेले सात पॅक संध्याकाळचे होते. हे मला कळले ते पॅकवर वेळ लिहिण्याची दुरुस्तीच्या दुकानातली सवय टिकून होती म्हणून.

यावर तीन मार्ग आहेत. चांगला स्टॅबिलायझर लावावा, किंवा कपॅसिटरमध्ये ठरावीक व्होल्टेजपर्यंत ऊर्जा साठवून सोडणारे यंत्र घ्यावे, किंवा प्रवाह सतत मोजून आवरणारे इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र घ्यावे. तिसरे महाग पडते. मी दुसरे घेतले आणि ते पुरले. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने वेल्ड होत असतानाचे व्होल्टेज मोजावे, रिकाम्या यंत्राचे नव्हे. झटक्याच्या क्षणी बारीक वायरमध्येच व्होल्टेज बसते आणि स्टॅबिलायझरला ते सावरायला वेळ मिळत नाही. यंत्राची वायर मीटरपासून स्वतंत्र आणि जाड असावी.

६. इलेक्ट्रोडची टोके आणि दाब

माझ्या मते या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

इलेक्ट्रोड साध्या तांब्याचे नसावेत. ते लवकर पसरट होतात. क्रोमियम-झिर्कोनियम मिसळलेले तांबे किंवा ॲल्युमिना मिसळलेले तांबे अधिक टिकते. वेल्ड करत गेल्यावर टोक पसरते, क्षेत्रफळ वाढते, तितकाच प्रवाह मोठ्या जागेत विभागला जातो आणि वेल्ड हळूहळू थंड पडत जातो. हा ऱ्हास इतका संथ असतो की शंभराव्या डागापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी दर पन्नास शॉटनंतर, म्हणजे यंत्राच्या पन्नास झटक्यांनंतर, भिंगातून टोक पाहतो आणि पॉलिश पेपर सपाट पट्टीवर ठेवून त्यावर दोन-चार वेळा घासतो. हातात धरून घासल्यास टोक तिरके होते.

दोन्ही टोके एका पातळीत आहेत का, हे कार्बन पेपर सांगतो. सपाट पत्र्यावर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवावा, यंत्राची वीज बंद ठेवून डोके खाली आणावे. पांढऱ्या कागदावर दोन सारखे, गोल आणि सारखे गडद ठिपके उमटले पाहिजेत. एक फिकट असेल, तर तो इलेक्ट्रोड आखूड आहे. एक चंद्रकोरीसारखा असेल, तर टोक तिरके आहे.

दाबासाठी वजनकाटा. एकेक इलेक्ट्रोड काट्यावर टेकवून यंत्र कोणत्या दाबाला शॉट सोडते, ते पाहावे. ०.१५ मिलिमीटरच्या पट्टीसाठी मी प्रत्येक टोकाला सुमारे अडीच किलो ठेवतो, तुमच्या यंत्राला तो थोडा कमी-जास्त लागेल. जोरात दाबले म्हणजे घट्ट चिकटते, ही समजूत मात्र डोक्यातून काढून टाकावी. दाब वाढला की स्पर्शाची जागा वाढते, संपर्क रोध घटतो आणि तेवढ्याच प्रवाहात उष्णता कमी होते. उलट दाब कमी पडला, तर जोडात ठिणगी पेटते, वितळलेले कण उडतात, पट्टीला भोक पडते आणि टोक पट्टीला चिकटून बसते. हाताने धरायच्या पेनासारख्या इलेक्ट्रोडने शिकायला हरकत नाही, पण विकायचा पॅक त्याने करू नये, कारण माणसाचा हात सकाळी आणि जेवणानंतर सारखा दाबत नाही. शॉट झाल्यावर लगेच डोके उचलू नये. वितळलेला भाग गोठेपर्यंत दाब राहिला पाहिजे. यासाठी क्षणभराचा विराम पुरतो.

७. सेटिंग शोधा, मागून घेऊ नका

‘तुमचे सेटिंग सांगा’ असा निरोप मला आठवड्यातून एकदा तरी येतो. माझे सेटिंग माझ्या यंत्राचे, माझ्या केबलच्या लांबीचे आणि माझ्या पट्टीचे आहे, ते तुमच्याकडे चालणार नाही. पद्धत मात्र चालेल.

प्रयोगासाठी पूर्ण रिकामे केलेले, त्याच जातीचे बाद सेल घ्या. दाब ठरवून घ्या आणि तो आता बदलू नका. पहिली पल्स लहान ठेवा. तिचे काम पट्टी बसवणे आणि पृष्ठभागावरचा मळ जाळणे एवढेच असते. दुसरी, मुख्य पल्स सर्वांत खालच्या पायरीपासून सुरू करा. प्रत्येक पायरीवर पाच शॉट मारा, मग पट्टीचे टोक पकडीत धरून सेलपासून हळूहळू उलटे सोला.

खालच्या पायऱ्यांवर पट्टी अख्खी निघून येईल आणि सेलवर केवळ दोन करड्या खुणा राहतील. याला मी ‘टिकली’ म्हणतो : चिकटली आहे, धरलेली नाही. काही पायऱ्या चढल्यावर पट्टी फाटू लागेल. सोलताना तिला दोन भोके पडतील आणि भोकातले निकेल सेलवर बसून राहील. पाचही शॉटमध्ये, दोन्ही ठिकाणी असे झाले, तर ती तुमची खालची मर्यादा. पुढे चढत जा. कण उडू लागले, टोक चिकटू लागले किंवा डागाभोवती निळसर-काळे वलय मोठे झाले, की ती वरची मर्यादा. या दोहोंच्या मध्यावर यंत्र ठेवा. दोन मर्यादांमध्ये दोन-तीनच पायऱ्यांचे अंतर असेल, तर यंत्र या पट्टीला अपुरे आहे किंवा टोके खराब आहेत. अशा वेळी जाड पट्टीचा हट्ट सोडून ०.१ मिलिमीटरची घ्यावी.

दोन्ही डाग वेगवेगळे तपासावेत, ही सूचना किरकोळ वाटेल, पण एकाच दिशेने प्रवाह सोडणाऱ्या यंत्रात दोन टोकांखालचे डाग बरेचदा सारखे भरत नाहीत. घाईत माणूस भरलेला डाग पाहतो आणि सोडून देतो.

सेलच्या आतल्या नुकसानीचे काय? सेलच्या तळाचा पत्रा पातळ असतो, साधारण ०.३ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच्या आत काही अंतरावर प्लास्टिकचा विभाजक पडदा असतो. पॉलिएथिलीनचा पडदा सुमारे १३० ते १३५ अंशांना वितळतो. सेल कापून पाहणे धोक्याचे आहे, ते करू नये. त्याऐवजी तेवढ्याच जाडीच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर त्याच सेटिंगने पट्टी वेल्ड करा आणि पत्रा उलटा करून मागची बाजू पाहा. बारीक, फिकट ठिपका चालेल. फुगवटा, काळा डाग किंवा भोक असेल, तर तेच सेलच्या आत घडते आहे असे समजावे.

मिरजेत सतारीची जवारी लावणारे कारागीर सूर कानाने ओळखतात. आमच्या धंद्यातही ‘आवाजावरून वेल्ड कळतो’ म्हणणारे लोक भेटतात. मीही काही दिवस तसे म्हणत होतो. एकदा डोळे मिटून वीस शॉट ऐकले, प्रत्येकाला पास-नापास लिहिले आणि मग सगळे सोलले. नऊ चुकले. नाणे उडवून निकाल लावला असता, तरी फारसा फरक पडला नसता.

ही सोलण्याची चाचणी दररोज काम सुरू करताना, टोके घासल्यावर, पट्टीचे रीळ बदलल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर करायची. मारलेले शॉट, फाटलेले शॉट, भिंतीचे व्होल्टेज आणि वेळ वहीत लिहायची.

८. सेल निवडा

प्रत्येक सेलचे व्होल्टेज, अंतर्गत रोध आणि क्षमता मोजून गट करावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत एक फसगत आहे : त्याचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे ३.२८ व्होल्ट दाखवणारे दोन सेल सारखेच भरलेले असतील असे नाही. म्हणून सर्व सेल एकदा ३.६५ व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज करून, मग सारख्याच मोजमापाने उतरवावेत आणि साधारण तिसरा हिस्सा भरलेल्या अवस्थेत वेल्डला घ्यावेत. भरलेला सेल शॉर्ट झाला, तर होणारा अनर्थ मोठा असतो.

भंगारातून काढलेल्या सेलवर आधीच्या वेल्डचे उंचवटे असतात. ते घासताना तळ आणखी पातळ होतो. मी ते विकायच्या पॅकला वापरत नाही.

९. वेल्डिंग

धन टोकाभोवती फिश पेपरची चकती आधी लावा. दंडगोल सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो आणि धन टोपी व डब्याची कड यांत दोन-तीन मिलिमीटरचेच अंतर असते. कारखान्याचे आवरण तेवढ्या जागी सोलले गेले आणि पट्टी कडेला टेकली, तर सेल जागीच शॉर्ट होतो.

सेल होल्डरमध्ये बसवल्यावर पॅक उलटसुलट ठेवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून धन-ऋण तपासून घ्या. सेलची टोके आणि पट्टी अल्कोहोलने पुसून नंतर बोटे लावू नका, कारण घामाचा थरही संपर्क रोध बदलतो. प्रत्येक गटाचे व्होल्टेज बीएमएसला, म्हणजे पॅकचे रक्षण करणाऱ्या बोर्डाला, कळवणाऱ्या तारा पट्टीला आधी डाख देऊन घ्या आणि मग ती पट्टी सेलवर वेल्ड करा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये. वेल्डची उष्णता मिलीसेकंदांत संपते, सोल्डरिंगची कित्येक सेकंद आत झिरपत राहते.

प्रथम समांतर गट, मग मालिका, असा क्रम ठेवावा. एक बाजू झाली की तिच्यावर इन्सुलेशनचा कागद लावून मगच पॅक उलटावा. प्रत्येक सेलच्या टोकावर किमान दोन शॉट, म्हणजे चार डाग हवेत. एकाच डागावर दुसरा शॉट मारू नये. एकाच सेलवर लागोपाठ शॉट न मारता पुढे जाऊन परत यावे, म्हणजे टोपी आणि तिच्याखालचे सील तापत नाही.

१०. बीएमएस

बोर्डाला पॅकचे ऋण टोक आधी जोडा, मग व्होल्टेजच्या तारा चढत्या क्रमाने. जोडणीचा प्लग बोर्डात घालण्यापूर्वी प्रत्येक दोन शेजारच्या पिनांमध्ये एका सेलचे व्होल्टेज दिसते का, ते मोजा. कोठे शून्य किंवा दुप्पट दिसले, तर तार चुकली आहे. वेल्डिंग चालू असताना बीएमएस पॅकला जोडलेला नसावा.

११. तयार पॅक तपासणे

विकायचा पॅक सोलून पाहता येत नाही, म्हणून येथे मोजमाप कामाला येते. आपल्या उदाहरणातल्या पॅकमधून १० अँपिअर काढा. प्रत्येक सेलमधून २ अँपिअर जातील. आता मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून एक सुई सेलच्या टोपीवर आणि दुसरी वेल्डलगत पट्टीवर टेकवा. चांगल्या वेल्डवर मिलिव्होल्टचा काही दशांश भागच दिसतो. आकडा किती आहे यापेक्षा चाळीस जागांमध्ये वेगळा कोण आहे, हे पाहावे. जो इतरांच्या तिप्पट दाखवतो, तो सुटण्याच्या वाटेवर आहे.

त्यानंतर अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत निकेलवर खरे तापमान दाखवत नाही, ते बरेच कमी दाखवते. मोजायच्या जागी कॅप्टॉन टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर नेम धरावा. शेवटी पूर्ण चार्ज, पूर्ण उतरवणे आणि क्षमतेची नोंद. घाईच्या ऑर्डरला हीच पायरी गाळली जाते आणि नेमका तोच पॅक परत येतो.

१२. पाठवणी

दोन्ही टोके टेपने झाका, पॅक हलणार नाही असा पेटीत बसवा आणि लिथियम बॅटरी असल्याचे लेबल लावा. ट्रान्सपोर्टवाल्याला ‘इलेक्ट्रिक सामान’ असे मोघम सांगून माल चढवू नये. पॅकवर क्रमांक, तारीख, वेल्ड केल्याची वेळ आणि पट्टीच्या रिळाचा क्रमांक लिहा. त्या दिवशी सकाळी आणि दुपारी सोललेल्या चाचणीच्या पट्ट्या, भोके पडलेल्या, तशाच पाकिटात घालून पाकिटावर त्या दिवसाच्या पॅकांचे क्रमांक लिहितो आणि हमीची मुदत संपेपर्यंत ठेवतो. गेल्या पावसाळ्यात विट्याहून एक पॅक परत आला, तेव्हा आधी पाकीट उघडले. भोके नीट होती, म्हणून वेल्डचा नाद सोडून बीएमएस तपासला, आणि दोष तेथेच सापडला.